शेगडी, घरगुती

कोळसा किंवा वायू यांसारखे इंधन मर्यादित जागेत जाळून त्याच्या उष्णतेवर अन्न शिजविण्याचे वा भाजण्याचे साधन. चूल बहुधा जमिनीला किंवा ओट्याला जोडलेली व एका जागी स्थिर असते. शेगडी मात्र उचलून हवी तेथे नेता येते. मातीची, लोखंडी पत्र्याची, बिडाची अशा अनेक प्रकारच्या शेगड्या महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे उघड्या आचेवर अन्न भाजण्याच्या जाळीच्या शेगडीचा विचार केला आहे. हिलाच व्यवहारात ‘ग्रिल’ असे म्हणतात. कोळशाची, वायूची आणि दोन्ही इंधनांवर चालणारी जोडशेगडी हे तिचे तीन प्रमुख प्रकार होत. कुटुंबासाठी शेगडी निवडताना चवीचा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. तथापि शेगडी कोठे पेटवावयाची हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कारण बंदिस्त जागेतील कोळशाचा विस्तव प्राणघातक ठरू शकतो.

परंपरा : भाजण्याची क्रिया मराठी स्वयंपाकात जुनी व सर्वपरिचित आहे. भरितासाठी वांगी, मक्याची कणसे, रताळी, पापड, कोकण किनाऱ्यावर सुके बोंबील इ. पदार्थ निखाऱ्यांवर भाजले जातात. रायगड जिल्ह्यातील ‘पोपटी’ हा या परंपरेचा एक वैशिष्ट्यपूर्ण प्रकार होय. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या म्हणजे त्या मीठ, ओवा इत्यादींसह मातीच्या मडक्यात भरतात. त्यांत अंडी, बटाटे किंवा मसाला लावलेली कोंबडीही घालतात. मडक्याच्या तळाशी व तोंडाशी भांबुर्डीचा पाला दाबून बसवितात, मडके जमिनीवर पालथे ठेवतात आणि त्याभोवती पेंढा, काटक्या वगैरे रचून जाळ करतात. पाणी मुळीच घातले जात नाही. शेंगांतील व पाल्यातील ओलाव्याच्या वाफेवर आणि मडक्याच्या तापलेल्या भिंतींच्या उष्णतेवर पदार्थ शिजतो. झाकणाच्या आधुनिक शेगडीत बंद जागेतील उष्णतेचे हेच तत्त्व काही अंशी वापरलेले असते. अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये गोलाकार भांड्याची व घुमटाकार झाकणाची कोळशाची शेगडी तयार केली. झाकणामुळे जाळीवरील पदार्थाला वरूनही उष्णता मिळू लागली आणि वारा व पाऊस यांपासून विस्तवाचे रक्षण होऊ लागले.

शहरी स्वयंपाकघरांत कोळशाच्या व भुशाच्या शेगडीची जागा प्रथम रॉकेलच्या स्टोव्हने व नंतर वायूने घेतली. द्रवीकृत खनिज तेल वायू, म्हणजेच व्यवहारातील एलपीजी, मुंबईत १९५५ च्या सुमारास बर्मा-शेल कंपनीने घरगुती वापरासाठी आणला. इंडियन ऑइल कंपनीचा ‘इंडेन’ वायू १९६५ पासून मिळू लागला. केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागातील गरीब कुटुंबांपर्यंतही वायूच्या जोडण्या पोहोचल्या. परिणामी कोळशाची शेगडी रोजच्या स्वयंपाकातून बव्हंशी मागे पडली व सणासमारंभाच्या, सुटीच्या किंवा हौसेच्या भाजण्यापुरती उरली. ‘वायू की कोळसा’ हा प्रश्न आज याच मर्यादित क्षेत्रात उद्‌भवतो.

उष्णतेचे संक्रमण : शेगडीवरील पदार्थाला उष्णता तीन मार्गांनी मिळते. तापलेल्या जाळीच्या स्पर्शाने मिळणारी उष्णता संवहनाने, वर चढणाऱ्या तप्त हवेतून मिळणारी संनयनाने आणि निखाऱ्यांच्या तेजातून थेट येणारी प्रारणाने मिळते. लालभडक निखाऱ्यांचे तापमान हवेच्या पुरवठ्याप्रमाणे सु. ७००° ते ९००° से. असते व त्यांच्या पृष्ठभागापासून तीव्र अवरक्त प्रारण बाहेर पडते. वायूच्या निळ्या ज्योतीचे तापमान याहूनही अधिक असले, तरी ती स्वतः फारसे प्रारण करीत नाही. म्हणून वायूच्या शेगडीत ज्वालकावर (बर्नरवर) पोलादी पट्ट्या, लाव्हा दगड किंवा मृत्तिकेच्या सच्छिद्र तबकड्या बसवितात. ज्योतीने तापून त्या निखाऱ्यांप्रमाणे प्रारण करू लागतात. दोन्ही शेगड्यांवर पदार्थ वेगवेगळा भाजला जातो याचे एक मोठे कारण इंधनाहून या प्रारणपृष्ठाच्या तापमानात व विस्तारात असते.

कोळशाची शेगडी : हिचे मुख्य भाग म्हणजे विस्तवाचे भांडे, निखारे ठेवण्याची खालची जाळी, राखेचा कप्पा, हवेचे दार आणि अन्न ठेवण्याची वरची जाळी. आच कमीजास्त करण्याचे मार्ग दोनच : हवेचे दार उघडणे वा मिटणे आणि निखारे व जाळी यांतील अंतर बदलणे. निखारे एका बाजूस सारून ठेवले, तर जाळीवर प्रखर व मंद असे दोन भाग मिळतात. प्रखर भागावर पदार्थाचा बाहेरील थर भाजून नंतर तो मंद भागावर आतपर्यंत शिजू देणे, ही कोंबडीसारख्या जाड पदार्थांसाठी उत्तम पद्धत आहे.

लाकडी कोळसा हवेच्या अपुऱ्या पुरवठ्यात लाकूड तापवून तयार करतात. कोकणात हे कष्टाचे काम प्रामुख्याने कातकरी समाजातील कुटुंबे भट्ट्यांवर मुक्काम करून करीत आली आहेत. पारंपरिक भट्टीत लाकडाच्या वजनाच्या साधारण १५ ते २५ टक्के कोळसा मिळतो. म्हणजे एक किग्रॅ. कोळशामागे सु. चार ते सहा किग्रॅ. लाकूड खर्ची पडते. चांगल्या कोळशाचे उष्णतामूल्य किग्रॅ.ला सु. ७,००० किकॅ. असते. भुकटी व बंधक द्रव्य यांच्यापासून दाबून केलेल्या कांड्या किंवा विटा एकसारख्या जळतात. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने (समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्था) उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून केलेला असा कोळसा वापरल्यास लाकडाची तोड टळते.

कोळसा पेटवून वापरण्याजोगा होण्यास अर्धा तास तरी लागतो. निखाऱ्यांवर राखेचा पातळ पांढरट थर आल्यानंतरच पदार्थ जाळीवर ठेवावा. चार-पाच माणसांच्या एका जेवणासाठी मध्यम आकाराच्या शेगडीत एक ते दीड किग्रॅ. कोळसा पुरतो. भाजणे संपल्यावर बराच विस्तव शिल्लक राहतो. झाकण व हवेची दारे बंद केल्यास तो विझतो आणि उरलेला कोळसा पुन्हा वापरता येतो.

वायूची शेगडी : घरगुती सिलिंडरात १४.२ किग्रॅ. वायू असतो. तो मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण असून त्याचे उष्णतामूल्य किग्रॅ.ला सु. ११,००० किकॅ. आहे. सिलिंडरावरील नियामक (रेग्युलेटर) वायूचा दाब दर चौ. सेंमी.ला सु. ३० ग्रॅम इतका कमी करून तो शेगडीकडे सोडतो. ज्वालकापाशी वायू बारीक छिद्राच्या तोटीतून वेगाने बाहेर पडताना हवा ओढून घेतो व हे मिश्रण निळ्या ज्योतीने जळते. ज्योत पिवळी होऊन भांड्यांवर काजळी धरू लागल्यास हवेचा पुरवठा अपुरा आहे किंवा छिद्र अंशतः बुजले आहे असे समजावे.

मुंबई महानगर प्रदेशात व रायगड जिल्ह्यात महानगर गॅस लि. ही कंपनी (स्थापना १९९५) नळाने नैसर्गिक वायू पुरविते. हा वायू मुख्यतः मिथेन असून त्याचा दाब व उष्णतामूल्य एलपीजीपेक्षा वेगळे असते. त्यामुळे एकासाठी बनविलेली शेगडी तोटी बदलल्याशिवाय दुसऱ्यावर चालवू नये. परदेशातून आणलेल्या शेगडीचा नियामक व जोडनळीही येथील सिलिंडरास जुळतीलच असे नाही. हा बदल वितरकाच्या प्रशिक्षित कारागिराकडूनच करवून घ्यावा.

वायूची शेगडी दहा-पंधरा मिनिटांत तापते, खुंटी फिरविताच आच बदलते आणि काम संपताच विझविता येते. ताशी ०.३ किग्रॅ. वायू जाळणारी शेगडी तासाभरात सु. ३,३०० किकॅ. उष्णता देते, तर दीड किग्रॅ. कोळशात सु. १०,५०० किकॅ. उष्णता साठविलेली असते. यावरून कोळशाचा विस्तव पेटण्यात व विझण्यात किती उष्णता वाया जाते, याची कल्पना येईल. आठवड्यातून अनेकदा भाजणाऱ्या कुटुंबास वायू सोयीचा पडतो, तो याच कारणाने.

जोडशेगडी : हिचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात एकाच चौकटीवर वायूचा व कोळशाचा असे दोन स्वतंत्र कप्पे शेजारी शेजारी असतात. दुसऱ्यात कप्पा एकच असून वायूचा ज्वालक कोळसा पेटविण्यापुरता वापरतात. विस्तव धरला की वायू बंद करतात. पहिला प्रकार मोठ्या, वारंवार पाहुणे येणाऱ्या घरास उपयुक्त आहे : भाकऱ्या, भाज्या इ. वायूवर आणि मांसमच्छी कोळशावर असे एकाच वेळी करता येते. मात्र ही शेगडी जड असते, जागा पुष्कळ व्यापते आणि दोन्ही बाजूंची निगा राखावी लागते. दुसऱ्या प्रकाराने पेटविण्याचा वेळ व त्रास वाचतो. परंतु राख व चरबी यांमुळे ज्वालकाची छिद्रे बुजण्याचा संभव असतो. जोडशेगडीमुळे कोळशाचा धोका मुळीच कमी होत नाही, हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. कोळशाचा कप्पा जेथे वापरता येणार नाही अशा घरासाठी ती घेणे व्यर्थ होय.

इंधनांची सांगड घालण्याची याहून साधी रीत भारतीय स्वयंपाकात पूर्वीपासून आहे. वायूवर तयार केलेल्या भाजीत वा रश्श्यात छोटी वाटी ठेवून तीत पेटता निखारा ठेवतात, त्यावर थोडे तूप सोडतात व भांडे काही मिनिटे झाकून ठेवतात. यास धुंगार देणे म्हणतात. एका निखाऱ्यात धुराचा गंध मिळत असल्याने बहुतेक घरांची हौस एवढ्यावर भागते. निखारा मोठा नसावा, खिडक्या उघड्या असाव्यात आणि काम होताच तो पाण्यात विझवावा.

चव व धूर : कोळशावरील पदार्थाची चव कोळशातून येते, हा समज अंशतःच खरा आहे. भाजलेल्या पदार्थाचा तांबूस रंग व खमंगपणा मुख्यतः प्रथिने व शर्करा यांच्यातील विक्रियेमुळे येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ ल्वी कामीय माय्यार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. पृष्ठभाग कोरडा होऊन सु. १४०° से.च्या वर तापला की ही विक्रिया वेगाने घडते, मग उष्णता कोणत्याही इंधनाची असो. धुरकट गंधाचा मोठा भाग पदार्थातून ठिबकणारी चरबी व मसाल्याचा रस तापलेल्या पृष्ठावर पडून जळण्याने निर्माण होतो. वायूच्या शेगडीतील तापलेल्या पट्ट्यांवरही हे घडते. चांगला पेटलेला कोळसा स्वतः जवळजवळ निर्गंध असतो. कोळशाच्या अधिक प्रखर प्रारणाने आणि कोळशात राहिलेल्या लाकडाच्या अंशाने काही फरक पडतो. परंतु वांगी, कणसे, पापड यांसारख्या पदार्थांत तो अल्पच जाणवतो.

चरबी जळून निघणाऱ्या धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगजनक संयुगे असतात व ती पदार्थावर बसतात. म्हणून ज्वाळा पदार्थाला भिडू देऊ नयेत, मांसावरील जादा चरबी आधी काढून टाकावी आणि करपलेला भाग खाऊ नये. हा नियम तिन्ही शेगड्यांना सारखाच लागू आहे.

सुरक्षितता : कोळशाच्या विस्तवाचा सर्वांत मोठा धोका दिसत नाही. निखाऱ्यांच्या खालच्या थरात कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. वरच्या तप्त कोळशातून जाताना त्याचे कार्बन मोनॉक्साइडामध्ये रूपांतर होते. हवा भरपूर व विस्तव प्रखर असेल तर हा वायू पृष्ठभागावर लहान निळ्या ज्योतींनी जळून जातो. हवा कमी पडली किंवा विस्तव मंदावला म्हणजे तो न जळता बाहेर पडतो. त्याला रंग नाही व वासही नाही. रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशेपटींहून अधिक आसक्तीने संयोग पावतो आणि शरीराचा ऑक्सिजन-पुरवठा खुंटतो. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही प्रथम लक्षणे होत. झोपेत असलेल्या माणसास ती कळतही नाहीत. ‘धूर संपला, आता निखारेच आहेत’ असे म्हणून शेगडी घरात आणण्याची सवय याच कारणाने अत्यंत घातक आहे : धूर थांबला तरी हा वायू निघतच असतो. विझत आलेली शेगडीही घरात, गाडीत किंवा तंबूत कधीही ठेवू नये. बाधा झालेल्या व्यक्तीस तत्काळ मोकळ्या हवेत नेऊन रुग्णालयात पोहोचवावे.

वायूचे धोके निराळे आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत व खोलगट जागी साचतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते. वास आल्यास नियामक बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये आणि १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. सिलिंडर नेहमी उभा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर परंतु जमिनीच्या वर, हवेशीर जागी असावा. बंद खोलीत वायूच्या ज्योतीतूनही कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ शकतो. म्हणून मोठ्या आकाराची वायूची जाळीशेगडीही उघड्यावरच वापरावी.

घराचे स्वरूप व निवड : जागेवरून निवड कशी ठरते याचे चांगले उदाहरण उरण तालुक्यातील द्रोणागिरी परिसरात मिळते. याच नावाच्या डोंगरावरून ओळखला जाणारा हा विभाग सिडकोने (स्थापना १९७०) नियोजित केलेल्या नवी मुंबईचा भाग आहे. त्याच्या भोवती करंजा, बोकडवीरा, भेंडखळ अशी आगरी-कोळी वस्तीची जुनी गावे आहेत आणि मधे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून मुंबईशी दळणवळण अधिक सोपे झाले आहे. घरगुती वायूच्या इतिहासातही या भूभागाला स्थान आहे. १९७४ साली मुंबई हाय या सागरी क्षेत्रात खनिज तेल सापडले व १९७६ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. तेथून समुद्रतळावरील नळांनी येणाऱ्या नैसर्गिक वायूवर उरण येथील ओएनजीसीच्या प्रकल्पात प्रक्रिया होऊन एलपीजी वेगळा काढला जातो. भारत पेट्रोलियमचे सिलिंडर भरण्याचे केंद्रही उरणमध्ये आहे.

या परिसरात घरांचे तीन नमुने दिसतात व प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. गावातील अंगण वा परस असलेल्या घरात कोळशाची साधी शेगडी सर्वांत योग्य होय. बोंबील, कणसे भाजण्यास किंवा महिन्यातून एखाद्या मोठ्या बेतास ती पुरते व तिची किंमतही कमी असते. घर मोठे, अंगण छपराबाहेर मोकळे आणि पाहुण्यांचा राबता अधिक असेल, तर दोन कप्प्यांच्या जोडशेगडीचा खर्च भरून निघतो. इमारतीतील सदनिकेत मात्र कोळसा वर्ज्य समजावा. खिडक्या-जाळ्यांनी बंदिस्त केलेली गॅलरी ही उघडी जागा नव्हे. तेथील धूर व कार्बन मोनॉक्साइड स्वतःच्या व वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या घरात शिरतात आणि उडालेली ठिणगी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडू शकते. अशा घरात स्वयंपाकाच्या नेहमीच्या वायुशेगडीवर बिडाचा रेघांचा तवा किंवा पापडाची जाळी ठेवून भाजणे आणि हवा असल्यास धुंगार देणे हेच श्रेयस्कर. सामाईक गच्चीवर भाजावयाचे झाल्यास गृहनिर्माण संस्थेची संमती घ्यावी, पाण्याची बादली जवळ ठेवावी व शेगडीपाशी जाणत्या माणसाने शेवटपर्यंत थांबावे.

निगा : समुद्रकाठच्या खारट दमट हवेत लोखंडी पत्रा लवकर गंजतो. अशा ठिकाणी बिडाची किंवा अगंज पोलादाची जाळी घ्यावी. बिडाची जाळी वापरानंतर घासून, कोरडी करून तिला तेलाचा हात लावावा. कोळसा हवेतील ओलावा शोषतो व ओला कोळसा तडतडून ठिणग्या उडवितो. म्हणून पावसाळ्यात तो झाकणाच्या डब्यात साठवावा. राखेत निखारे चोवीस तासांनंतरही धुमसत असू शकतात. ती प्रथम झाकणाच्या धातूच्या भांड्यात पूर्ण थंड होऊ द्यावी; प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकू नये. वायूच्या शेगडीची रबरी नळी मुदतीत, सामान्यतः पाच वर्षांनी, बदलावी व सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी. त्यासाठी काडी पेटवू नये. जमा झालेली चरबी दर वापरानंतर काढून टाकावी, कारण शेगडीला लागणाऱ्या आगींचे ते एक नेहमीचे कारण असते.